व्हिसा लागत नाही, मग काय काय लागतं?

"व्हिसा लागत नाही ना तिथे? मग तिकीट काढ आणि चल."

आमच्या ताईचं हे ठरलेलं वाक्य. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तिचा पाय घरात ठरत नाही. मी पेशानं मुद्रितशोधक. दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ आणि चुकलेली सनावळी शोधण्यात माझी चोवीस वर्षं गेली. तेव्हा नियम वाचायचं काम आपोआप माझ्याकडे आलं, आणि ते मी नीट केलं नाही. आमच्या पहिल्याच व्हिसामुक्त प्रवासात विमान सोडाच, चेक-इनच्या काउंटरपलीकडेसुद्धा जाता येईना.

काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट घेतले, पानं चाळली, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "त्या देशातून बाहेर पडायचं तिकीट?"

आमचं तिकीट एकेरी होतं. तिथे दहा दिवस राहून बसनं शेजारच्या देशात जायचं आणि तिथून विमानानं परतायचं, असा बेत. मी ते सांगितलं.

"मग बसचं तिकीट दाखवा."

"त्याचं आरक्षण फक्त आठवडाभर आधी सुरू होतं. अजून मिळतच नाही."

"मग मला तुम्हाला बसवता येणार नाही."

ताई पुढे झाली. "अहो, पण तिथे व्हिसाच लागत नाही!"

"म्हणूनच विचारतेय," ती मुलगी शांतपणे म्हणाली.

त्या क्षणी मला ते उत्तर उद्धट वाटलं. काउंटरच्या कडेला उभं राहून, रद्द करता येईल असं एक विमानाचं तिकीट फोनवर काढलं, ते दाखवलं, आणि आम्ही सुटलो. नंतर ते तिकीट रद्द केलं. थोडे पैसे कापले गेले. पण तो "म्हणूनच" माझ्या डोक्यातून जाईना. पुढे चार-पाच प्रवास झाल्यावर कळलं की सगळ्या प्रकरणाचं मर्म तिनं एका शब्दात सांगितलं होतं.

व्हिसा लागतो तेव्हा काय होतं? प्रवासाच्या कित्येक दिवस आधी कुणीतरी तुमची कागदपत्रं मागतं: परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, बँकेचा हिशेब. एखादा कागद कमी असला तर तो आणून द्यायला वेळ असतो. व्हिसा माफ होतो तेव्हा ही तपासणी माफ होत नाही, ती फक्त सरकते. वकिलातीच्या टेबलावरून विमान कंपनीच्या काउंटरवर आणि तिथून उतरल्यावरच्या इमिग्रेशनच्या खिडकीवर. वकिलातीत जे काम निवांत झालं असतं ते इथे दोन मिनिटांत, मागे रांग उभी असताना होतं. शिवाय व्हिसा नसला तरी आत घ्यायचं की नाही हे ठरवायचा अधिकार त्या देशाच्या खिडकीवरच्या माणसाकडेच असतो.

विमान कंपन्या एवढ्या कडक का, तर प्रवासी परत पाठवला गेला तर भुर्दंड त्यांच्यावर. माणसाला परत आणायचं त्यांनी आणि वर दंडही भरायचा. युरोपीय संघाचा २००१चा एक निर्देश आहे, त्यानुसार हा दंड माणशी हजारो युरोंत जातो. म्हणून काउंटरवरच्या पडद्यावर 'टिमॅटिक' नावाची प्रणाली असते. 'आयाटा' ही विमान कंपन्यांची संघटना ती चालवते. कुठला पासपोर्ट, कुठे निघालात, वाटेत कुठे थांबणार एवढं भरलं की नियम समोर येतात. त्या मुलीसमोर तेच होतं. तिनं तिच्या मनाचं काही विचारलं नव्हतं. पुष्कळ विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर प्रवाशालाही हे पाहता येतं. मी आता निघण्याआधी पाहते, आणि त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याचं अधिकृत पानही वाचते. उत्साही लोकांच्या व्हिडिओंवर मी विसंबत नाही. त्यात दोष त्यांचा नसतो. नियम बदलतो आणि व्हिडिओ तसाच राहतो.

नियम वाचताना माझ्या पेशाचा उपयोग होतो. हे नियम छोटे असतात, पण त्यांतला एकेक शब्द जड असतो. 'पासपोर्टची मुदत सहा महिने हवी', हे सगळ्यांना पाठ असतं. पण सहा महिने कधीपासून? काही देश म्हणतात पोहोचल्याच्या दिवसापासून, काही म्हणतात तिथून परत निघण्याच्या दिवसापासून. दोन्हींत तुमच्या मुक्कामाइतका फरक पडतो. काही देशांना तर मुक्काम संपेपर्यंत मुदत असली तरी चालते. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे आपसांतली सीमा-तपासणी काढून टाकलेल्या देशांच्या गटाचा, नियम आणखी निराळा: तिथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. हे दुसरं कलम लोक वाचतच नाहीत. ज्या देशांत जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात मिळवून देत असत तिथल्या कितीतरी प्रवाशांकडे मुदत होती, पण पासपोर्ट दहा वर्षांहून जुना होता, आणि ते अडले. दक्षिण आफ्रिकेला तिथून निघाल्यानंतरची तीस दिवसांची मुदत पुरते, पण तिला शिक्क्यांसाठी कोरी पानं हवीत, दोन. कोरं म्हणजे खरोखर कोरं. कोपऱ्यात अर्धा शिक्का उमटलेलं पान कोरं धरायचं की नाही, हा वाद खिडकीवर घालू नये.

पानांवरून आठवलं. पेरूतल्या माचूपिचूसारख्या ठिकाणी आठवण म्हणून पासपोर्टवर शिक्का मारून मिळतो. माझ्या भाच्याला त्याचा भारी शौक होता. मी त्याला सांगितलं, बाबा, वहीवर मारून घे, हातावर मारून घे, पासपोर्टवर नको. तो कागद सरकारचा असतो, आणि सरकारी नसलेला शिक्का पाहून एखादा अधिकारी पासपोर्ट बाद ठरवू शकतो. फाटलेलं पान आणि भिजून फुगलेलं पुस्तक यांचंही तेच. ताईचा पासपोर्ट एकदा पाण्याच्या बाटलीसोबत एकाच पिशवीत होता. मुख्य पान कोरडं होतं, नाव-फोटो स्वच्छ दिसत होते. तरी आम्ही नवा काढला. लहरींनी भरलेल्या पानांकडे पाहून समोरचा काय म्हणेल याची परीक्षा मला परमुलखात द्यायची नव्हती.

हा भाचा म्हणजे ताईचा मुलगा. तो बरीच वर्षं दुसऱ्या देशाचा नागरिक आहे. त्यामुळे आम्ही तिघं एकत्र निघालो की हातात दोन रंगांचे पासपोर्ट असतात. सवलत पासपोर्टला असते, कुटुंबाला नाही. आडनाव एक, विमान एक, हॉटेलची खोलीसुद्धा एक, पण त्याला नव्वद दिवस आणि आम्हाला तीस, किंवा आम्हाला काहीच लागत नाही आणि त्याला आधी ऑनलाइन परवानगी. "मागच्या महिन्यात शेजारचे जाऊन आले, त्यांना काही लागलं नाही," या वाक्याला तोवर अर्थ नाही, जोवर शेजाऱ्यांचा पासपोर्ट कुठला, ते कुठल्या मार्गानं गेले आणि कशासाठी गेले हे आपल्याला माहीत नाही. मार्गाचंही महत्त्व असतं. काही देश विमानानं आलेल्याला एक सवलत देतात आणि रस्त्यानं सीमा ओलांडून आलेल्याला दुसरी. काही ठिकाणी सवलत ठरावीक विमानतळांपुरतीच असते.

आता दिवसांच्या मोजणीकडे येते. मी सगळ्यात मोठी चूक इथेच केली.

एका देशात तीस दिवसांची सवलत होती. आमचं विमान १५ मार्चला रात्री अकरा चाळीसला उतरलं. रांग लहान होती, बाराच्या आत शिक्का बसला: १५ मार्च. त्या दिवसाची वीस मिनिटंच काय ती आम्ही तिथे काढली, पण तो पहिला दिवस झाला. परतीचं विमान १४ एप्रिलला, रात्री बारा पन्नासचं. माझ्या हिशेबानं पंधरा ते चौदा, बरोबर महिना. त्यात मार्च एकतीस दिवसांचा. बोटांवर मोजा: मार्चचे सतरा, एप्रिलचे तेरा, तीस संपले. १३ एप्रिलला रात्री दहाला आम्ही विमानतळावर होतो, खिडकीपाशी पोहोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. अधिकाऱ्यानं शिक्का पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि आम्हाला शेजारच्या टेबलाकडे पाठवलं. एकतिसावा दिवस. माणशी दंड भरला, पावती घेतली. त्यांनी आवाज चढवला नाही, आम्हीही नाही. चूक माझी होती. पण विमान सुटायच्या वेळी धावत दार गाठताना ताई एवढंच म्हणाली, "दुसऱ्यांच्या तारखा तपासतेस ना तू?"

दिवस आणि महिना हे दोन वेगळे शब्द आहेत. तीस दिवस म्हणजे महिना नव्हे, नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. मध्यरात्रीनंतरचं विमान असलं तर निघण्याची तारीख एक दिवस पुढची असते. आणि पोहोचल्याचा दिवस मोजायचा की नाही हेही प्रत्येकाचं आपलं आपलं. चीनमध्ये ठरावीक देशांच्या नागरिकांना ट्रान्झिटसाठी व्हिसाशिवाय थांबता येतं. १७ डिसेंबर २०२४ पासून ही मुदत २४० तासांची झाली. तास म्हटल्यावर वाटेल की उतरल्यापासून घड्याळ सुरू. नाही, ते दुसऱ्या दिवशीच्या शून्य तासापासून मोजतात. म्हणजे इथे वीस मिनिटांचा दिवस फुकट मिळतो! अट मात्र अशी की तुम्ही एका देशातून येऊन तिसऱ्याच देशात किंवा प्रदेशात जायला हवं. ज्या देशातून आलात तिथेच परत निघालात, तर ते ट्रान्झिट नव्हे.

शेंगेनचा हिशेब तर मला आवडतोच. शब्द असे: कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. यातला 'कुठल्याही' महत्त्वाचा. लोक वर्षाचे दोन तुकडे करतात, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. तसं नाही. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस पाहायचे आणि त्यांत तिथे काढलेले दिवस मोजायचे. आल्याचा दिवस धरायचा, गेल्याचाही. आणि सगळे २९ देश मिळून एकच हिशेब. फ्रान्समधले दिवस संपले म्हणून इटलीत नवे मिळत नाहीत. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत, त्यामुळे तिथले दिवस यात येत नाहीत.

भाच्याचा एका वर्षाचा हिशेब मी कागदावर मांडला होता. तो १० जानेवारी ते ८ फेब्रुवारी तिथे होता, तीस दिवस. मग १ ते ३० एप्रिल, आणखी तीस. २० जूनला परत जायचं होतं. तो म्हणाला, "मावशी, माझे तीसच उरले." मी म्हटलं, थांब. २० जूनपासून ८ जुलैपर्यंत एकोणीस दिवस झाले, एकूण ७९. पण ९ जुलैला मागचे १८० दिवस पाहिले तर १० जानेवारी त्या चौकटीबाहेर गेलेला असतो. त्या दिवसापासून पुढे रोज एक दिवस आत येतो आणि जानेवारीतला एक गळून पडतो. ७ ऑगस्टपर्यंत आकडा ७९ वरच राहतो! म्हणजे त्याला तीसहून कितीतरी जास्त दिवस मिळत होते. हा हिशेब हातानं करायची सक्ती नाही, युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर त्यासाठी गणकयंत्र आहे. आता तर १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकात नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं आली. पुसट शिक्क्यावर कुणाची नजर पडली नाही, असं आता होणार नाही.

ऑनलाइन अर्जांचा गोंधळ वेगळाच. 'व्हिसा नको' आणि 'काहीच नको' यांच्यामध्ये आता एक मोठा मुलूख वसलाय. अमेरिकेची व्हिसामाफी ज्या देशांना आहे त्यांच्या नागरिकांना 'एस्टा' लागतो. कॅनडाला 'ईटीए', ब्रिटनलाही 'ईटीए', न्यूझीलंडला २०१९ पासून 'एनझेडईटीए'. या परवानग्या निघण्याआधी घ्यायच्या असतात आणि त्या पासपोर्टच्या क्रमांकाला बांधलेल्या असतात. पासपोर्ट नवा झाला की मुदत उरलेली परवानगीही गेली. दुसरा प्रकार आगमनपत्रांचा. विमानात वाटायचे ते कागद आता फोनवर आले. थायलंडनं १ मे २०२५ पासून ते डिजिटल केलं. सिंगापूर आणि मलेशियाचं आधीच होतं. तिन्ही ठिकाणी ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि तिन्ही ठिकाणी फुकट. महिनाभर आधी बसलात तर अर्ज पुढे सरकणार नाही. आणि जर कुणी पैसे मागितले तर समजा की तुम्ही भलत्याच पानावर आहात. शोधयंत्रात वरती येणारी अशी पानं हुबेहूब सरकारी दिसतात, तसाच निळा रंग, तसंच बोधचिन्ह. मी पत्ता अक्षर-अक्षर वाचते. ते माझं कामच आहे.

अर्जात चुका कुठे होतात, तेही सांगते. पासपोर्टच्या क्रमांकात शून्य आणि ओ. एक आणि आय. जन्मतारखेत दिवस आधी की महिना आधी. नाव आणि आडनाव कुठल्या रकान्यात. शंका आली की फोटोच्या पानाच्या तळाशी ज्या दोन यांत्रिक ओळी असतात त्या पाहायच्या. प्रत्येकी ४४ अक्षरं, मधली रिकामी जागा कोनाच्या खुणांनी भरलेली. जगभरच्या पासपोर्टांवर त्या सारख्याच रचनेत असतात, कारण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं तसं ठरवून दिलंय. तुमचं नाव यंत्राच्या दृष्टीनं कसं आहे ते तिथे दिसतं. तिकीटही त्याबरहुकूम हवं. या ओळींत मला एक गोष्ट फार आवडते. क्रमांकानंतर, जन्मतारखेनंतर आणि मुदतीनंतर एकेक ताळ्याचा अंक असतो. आधीच्या अंकांना आणि अक्षरांच्या ठरलेल्या किमतींना ७, ३, १ असं क्रमानं गुणून, बेरीज करून, दहानं भागून जी बाकी उरते, तो अंक. एक अक्षर चुकलं की बहुतेक वेळा ताळा बसत नाही. आमच्या धंद्यात असं काही असतं तर!

ट्रान्झिटबद्दल थोडक्यात. दोन वेगळी तिकिटं जोडून स्वस्तात प्रवास करणाऱ्यांनी मधल्या देशाचे नियम वाचावेत. सामान उचलून पुन्हा द्यायचं असेल तर तुम्ही त्या देशात शिरलात. अमेरिकेत तर सामान थेट पुढे जाणार असलं तरी विमान बदलणाऱ्यालाही इमिग्रेशनमधून जावंच लागतं. 'मी नुसती विमान बदलतेय' हे तिथे चालत नाही.

औषधांवर मात्र जास्त बोलायला हवं, कारण तिथे चूक झाली तर प्रकरण दंडावर भागत नाही. ताई सात दिवसांचे कप्पे असलेल्या डबीत गोळ्या भरून न्यायची. मी ते बंद केलं. गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ रासायनिक नावासह, कारण व्यापारी नावं देशागणिक बदलतात. सर्दीच्या कितीतरी साध्या औषधांत स्यूडोएफेड्रिन असतं. त्याचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीनं मिळणारी औषधं एका महिन्याहून जास्त पुरतील इतकी न्यायची तर तिथली आगाऊ परवानगी लागते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहे. सिंगापुरात ई-सिगारेट बाळगणं हाच गुन्हा आहे. पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला ज्यांना लागतो त्यांनी लक्षात ठेवावं की तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेली लस कागदापुरती बिनकामाची. पण एकदा घेतली की जन्मभर चालते. २०१६च्या जुलैपासून दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यायची अट गेली.

आणि आता शब्दांचा खरा फटका. एका विमानतळावर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "येण्याचं कारण?" माझ्या बॅगेत एका पुस्तकाची प्रुफं होती. मी आपली प्रामाणिकपणे म्हणाले, "फिरायला. आणि थोडं कामही करेन."

'काम' हा शब्द ऐकताच त्यांचे हात थांबले. कुणासाठी काम? इथल्या कुणासाठी? पैसे कोण देणार? मला बाजूच्या खोलीत बसवलं. भिंतीवर घड्याळ, समोर सहा खुर्च्या, फोन वापरायला मनाई. पाऊण तासानं दुसरे अधिकारी आले. मी प्रुफं काढून दाखवली. लाल खुणांनी भरलेली ती पानं त्यांनी उलटसुलट करून पाहिली. माझी लिपी त्यांना वाचता येत नव्हती, पण काकपदाच्या खुणा पाहून ते म्हणाले, "आजारी दिसतंय." हसले, आणि शिक्का मारला.

ताई बाहेर सामानाच्या पट्ट्याशेजारी पांढरीफटक होऊन बसली होती.

या गोष्टीचा अर्थ खोटं बोला असा कुणी घेऊ नका. खिडकीवर खोटं बोलणं हा सगळ्यात महागात पडणारा मार्ग. पण पर्यटक म्हणून मिळणारी सवलत कशाकशासाठी आहे हे आधी वाचा. व्याख्यान द्यायला, मुलीच्या बाळंतपणात मदतीला, चित्रीकरणाला, एखाद्या संस्थेत फुकट सेवेला. यांतलं काही पर्यटनात बसतं, काही कामात, आणि ही रेघ प्रत्येक देश निराळी ओढतो. तुमचं काम कामात मोडत असेल तर व्हिसा काढा. मी हल्ली प्रुफं घरीच ठेवते. सुट्टी ती सुट्टी.

बाकी विचारतात ते नेहमीचंच: कुठे राहणार, किती दिवस, खर्चाचं काय. थायलंडच्या नियमात खर्चासाठी माणशी २०,००० बाथ दाखवता यायला हवेत, कुटुंबाला ४०,०००. दरवेळी विचारतात असं नाही, पण विचारलं तर "कार्ड आहे" हे पुरेसं उत्तर नव्हे. मुक्कामाचा पत्ता कागदावर असलेला बरा. विमानतळाच्या वायफायवर भिस्त ठेवून फोन काढणाऱ्या माणसाची घालमेल मी पाहिलीय. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर. लहान मूल आई किंवा बाबा यांच्यापैकी एकासोबतच जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र आणि मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवा, विशेषतः आडनावं वेगळी असतील तर.

निघायच्या आधी दोन दिवस आमच्याकडे एक कार्यक्रम असतो. छापखान्यात पूर्वी प्रुफं दोघं मिळून वाचत: एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापील मजकुरावर बोट फिरवायचं. तसंच आम्ही करतो. ताई पासपोर्ट वाचते, एकेक अक्षर, एकेक अंक. मी तिकीट, परवानगी, आगमनपत्र, विमा यांवर बोट ठेवते. विरामचिन्हांसकट. मग अदलाबदल. भाचा याला 'मंत्रपुष्पांजली' म्हणतो.

गेल्या वेळी ताई माझा पासपोर्ट वाचत होती आणि मी माझ्याच अर्जावर बोट फिरवत होते. ती म्हणाली, "मुदत संपायची तारीख," आणि वाचली. मी "बरोबर" म्हटलं आणि पुढे सरकले.

"थांब," ती म्हणाली. "परत बघ."

मी पाहिलं. त्या रकान्यात मी पासपोर्ट काढल्याची तारीख भरली होती. अर्जाप्रमाणे माझा पासपोर्ट कधीच संपलेला होता.

ताईनं टेबलावरचं माझं लाल पेन उचललं, प्रिंटवर त्या तारखेभोवती गोल काढला, आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं: 'मूळ प्रत पाहा.'